मुलांच्या हाती मोबाइल आणि बातमी : प्रशिक्षण कुठून सुरू करावं?

खडूफळा

नमस्कार मंडळी.

गेली चार वर्षं मी आठवी-नववीच्या मुलांना मोबाइलवर बातमीदारी शिकवते. आठवड्याला एक तास, असे बारा तास. 'नागरिक पत्रकारिता', म्हणजे साध्या माणसाने स्वतः बातमी देणं, हा शब्द मुलांना जड वाटतो, म्हणून आम्ही नुसतं 'बातमीचा तास' म्हणतो. इथे शिक्षक बरेच आहेत आणि वर्तमानपत्रात हयात घालवलेली माणसंही आहेत, म्हणून मनात घोळणारा प्रश्न इथेच मांडते.

पहिल्या वर्षी मी कॅमेऱ्यापासून सुरुवात केली. भिंग आधी पुसून घ्या. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मध्येच कॉल येऊन चित्रण तुटणार नाही. झूम करू नका, त्याऐवजी दोन पावलं पुढे जा. मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत हात हलवू नका. मुलांनी हे सगळं दोन तासांत उचललं आणि तिसऱ्या तासाला मी त्यांना बातमी शोधायला सोडलं.

एका गटाने वाचनालयाच्या दाराचा फोटो आणला. फोटो खरंच चांगला होता. पितळी कुलूप चौकटीच्या बरोबर मध्ये, कडीवरचा गंज स्पष्ट, मागचं लाकूड धूसर. खाली ओळ होती, 'तीन दिवसांपासून वाचनालयाला कुलूप, विद्यार्थ्यांचे हाल'. मी शाबासकी दिली. फोटो भित्तिपत्रकावर लागला, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरही गेला. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई आल्या. रागावल्या नाहीत, एक कागद माझ्या टेबलावर ठेवून निघून गेल्या. दाराच्या डाव्या फळीवर, कुलपापासून वीतभर अंतरावर चिकटवलेली सूचना होती ती : पुस्तकांची मोजणी सुरू आहे, देवघेव शेजारच्या खोलीत चालू राहील.

त्या मुलाने सूचना मुद्दाम वगळली नव्हती. कुलूप मोठं दिसावं म्हणून तो दोन पावलं पुढे गेला होता, आणि ते त्याला मीच शिकवलं होतं.

तेव्हापासून पहिले तीन तास फोन दप्तरात. हातात वही, आणि वहीत सहा ककार. कोण, काय, कधी, कुठे यांची उत्तरं पुष्कळदा डोळ्यांना मिळतात. 'का' आणि 'कसं' यांच्यासाठी मात्र कुणाला तरी तोंड उघडून विचारावंच लागतं. माझा नियम असा की फोटो काढण्याआधी दोन माणसांशी बोलायचं, आणि त्यातलं एक असं हवं, ज्याला ही बातमी येणं आवडणार नाही. कुलपाच्या बाबतीत ते माणूस म्हणजे ग्रंथपालबाई.

ही पद्धत बरोबर आहे का? तीन तास फोन बंद ठेवला की काही मुलं गळतात, हे मला दिसतं. शिवाय पडताळणी या वयाच्या मुलांना नेमकी कशी शिकवायची, यावर माझ्याकडे अजून पक्का धडा नाही. अनुभव असलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

लाल_शाई

ताई, धागा काढलात हे फार बरं झालं. मी तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे संपादन विभागात होतो. बातमीदाराने आणलेला मजकूर वाचायचा, मथळा द्यायचा, फोटोओळ लिहायची, हेच काम.

तुमच्या मुलाची चूक फोटोत नव्हती, ओळीत होती. ती ओळ सुटी करून बघा. 'तीन दिवसांपासून' हे कुणी सांगितलं? फोटो एका क्षणाचा असतो, तो तीन दिवस दाखवू शकत नाही. 'विद्यार्थ्यांचे' म्हणजे किती जणांचे? एक तरी भेटला का? 'हाल' ही तर बातमीदाराची भावना झाली. सहा-सात शब्दांच्या ओळीत तीन दावे आणि एकालाही आधार नाही. फोटोला आधार होता फक्त एवढ्याला : 'वाचनालयाच्या मुख्य दाराला मंगळवारी दुपारी कुलूप होतं.' ही ओळ लिहायला बसला असता तर मुलाला स्वतःलाच वाटलं असतं की ही अर्धी आहे, पुढे काहीतरी विचारायला हवं.

म्हणून माझं मत असं की प्रशिक्षण फोटोओळीपासून सुरू करा. कॅमेराही नको आणि तीन तास नुसती वहीही नको. मुलांना फोटो द्या आणि सांगा : दिसतंय तेवढंच एका वाक्यात लिहा. मग दुसऱ्या वाक्यात, जे दिसत नाही पण कळलं ते, कुणाकडून कळलं यासकट. दोन वाक्यांमधली ही भिंत ज्याला कळली त्याला अर्धी पत्रकारिता आली.

दुसरा मुद्दा. 'नागरिक पत्रकारिता म्हणजे संपादक नको' असा समज आहे, तो मुलांच्या मनात रुजू देऊ नका. दक्षिण कोरियात २२ फेब्रुवारी २००० रोजी ओ योन-हो यांनी 'ओमायन्यूज' हे बातम्यांचं संकेतस्थळ सुरू केलं, 'प्रत्येक नागरिक हा बातमीदार' या ब्रीदावर. सुरुवात ७२७ नागरिक बातमीदारांनी झाली आणि पुढे ही संख्या हजारोंत गेली. पण लोकांनी पाठवलेला मजकूर तिथे पगारी संपादक वाचत होते, तपासत होते, सगळंच छापत नव्हते. लिहिणारा नागरिक होता आणि डेस्क होतंच. तुमच्या वर्गातही डेस्क असू द्या. दर आठवड्याला चार मुलं डेस्कवर, आणि त्यांच्या सहीशिवाय काहीही भिंतीवर लागणार नाही. माझा अनुभव आहे, दुसऱ्याचा मजकूर तपासताना माणूस स्वतःचा मजकूर लिहायला शिकतो.

---

कानोसा

सगळे चित्राबद्दल बोलतायत, मी आवाजाबद्दल बोलतो. ध्वनिमुद्रण हा माझा व्यवसाय आहे आणि मुलांच्या शिबिरांत मी हाच भाग घेतो. हललेलं चित्र लोक सोसतात, पण न कळणारा आवाज सोसत नाहीत. दहा सेकंदांत पुढे सरकतात.

मुलं फोन सहा फुटांवर धरतात आणि माणूस बोलतो. फोनचा माइक बिचारा पंखा, वाहनं, शेजारच्या वर्गातली कविता, सगळं गोळा करतो. अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याच्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घसरते, आजूबाजूचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. महागडा माइक लागत नाही. वायरवाला साधा इअरफोन घ्या, त्याच्या वायरवरचा बारीक माइक बोलणाऱ्याच्या हनुवटीपासून वीतभर खाली शर्टाला अडकवा. तो कापडाला किंवा केसांना घासत नाही ना, एवढं बघा. वायर पुरत नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डर म्हणून त्या माणसाच्या खिशात ठेवा आणि सुरुवातीला एकदा टाळी वाजवा. नंतर दोन्ही जुळवताना ती टाळी कामी येते.

आणि एक सवय, जिच्यावर मी शिबिरात पूर्ण तास खर्च करतो. समोरचा बोलत असताना मुलं 'हं… हं… हो का' करत राहतात. घरी आपण असंच ऐकतो, चांगलीच सवय आहे ती. पण रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक 'हं' त्या माणसाच्या शब्दावर बसतो आणि काढता येत नाही. मी मुलांना जोड्यांनी समोरासमोर बसवतो. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने आवाज न करता ऐकायचं, फक्त मान आणि डोळे. पहिल्यांदा सगळे हसतात. चौथ्या-पाचव्या वेळेला खोली शांत होते आणि बोलणारं पोर असं काही सांगून जातं, जे त्याने ठरवलेलं नसतं. मध्ये कुणी तोंड घातलं नाही की माणूस पुढचं वाक्य बोलतो, आणि पुष्कळदा बातमी त्याच वाक्यात असते.

निघण्याआधी त्या जागेचा नुसता आवाज तीस सेकंद घ्या. संपादनात दोन वाक्यांच्या मधली खाच भरायला तो लागतो.

---

उंबरठा

मी पालक म्हणून लिहिते आहे, कुणी गैरसमज करून घेऊ नये. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिला अशाच वर्गाला जायचंय. माझी भीती अशी : ती कुणाचा तरी फोटो काढेल, तो माणूस चिडेल, तिच्यामागे लागेल. किंवा तिच्या व्हिडिओतून ती कुठे राहते, कुठल्या रस्त्याने जाते, हे सगळं अनोळखी लोकांना कळेल. खडूफळा ताई, तुमच्याकडे याबाबत काय ठरलेलं आहे?

---

खडूफळा

उंबरठा ताई, गैरसमज अजिबात नाही. हा प्रश्न विचारणारे पालक वर्गाला हवेच असतात.

आमच्याकडे हे लेखी आहे. अपघात, आग, मारामारी, जमाव अशा ठिकाणी मुलांनी बातमीसाठी जायचं नाही, कुणी पाठवलं तरी नाही. एकट्याने कुठेच नाही, किमान तिघं. खाली मुलाचं नाव न देता गटाचं नाव द्यायचं. प्रसिद्धी आधी शाळेच्या आत, आणि बाहेर जे जाईल ते मोठ्यांच्या खात्यावरून.

संमती तीनदा घेतो. चित्रण करण्यापूर्वी विचारायचं, आणि हे कुठे दिसणार आहे तेही सांगायचं. चित्रण झाल्यावर त्या माणसाला तिथेच दाखवायचं. प्रसिद्ध होईपर्यंत त्याने 'नको' म्हटलं तर वाद न घालता काढून टाकायचं. समोर लहान मूल असेल तर त्याची आणि त्याच्या घरच्यांची, दोघांची संमती हवी. कुणी आपल्यावर झालेल्या अन्यायाबद्दल बोलत असेल तर आम्ही चेहरा घेतच नाही. नंतर धूसर करू, या भरवशावर राहू नये. धूसर चेहऱ्याचा माणूसही कपड्यांवरून, आवाजावरून, मागच्या भिंतीवरून ओळखू येतो. त्यापेक्षा हात घ्यावेत. बोलताना हात फार काही सांगतात.

ठिकाणाबद्दल : फोटोच्या फाइलमध्ये वेळ आणि, कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर, जागेचे अक्षांश-रेखांशही साठतात. घरी काढलेल्या फोटोसाठी ती परवानगी बंदच असावी. मुलीला हे सेटिंग स्वतःच्या हाताने बंद करायला लावा, म्हणजे तिच्या लक्षात राहील.

---

पडताळा

खडूफळा यांच्या 'पडताळणी कशी शिकवू' या प्रश्नावर लिहितो, कारण फिरत्या फोटो-व्हिडिओंची सत्यता तपासणं हे माझं रोजचं काम आहे.

आधी वरच्या मुद्द्याला एक जोड. ही साठलेली माहिती बातमीदारासाठी पुरावाही असते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो आणि ही माहिती गळून पडते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. म्हणून मुलांना दोन सवयी हव्यात : मूळ फाइल कधीही खोडायची नाही, आणि काटछाट करायची ती प्रतीवर. वाचनालयाच्या दाराचा रुंद फोटो कुणी आधी काढून ठेवला असता तर सूचना त्यात सापडली असती. आणखी एक, मुलांच्या फोनमध्ये चेहरा उजळणारा फिल्टर कित्येकदा आपोआप चालू असतो. बातमीसाठी तो बंद. एवढासा बदलही बदलच असतो.

आता पडताळणी. व्याख्यान देऊ नका, खेळ द्या. मी मुलांना एक जुना फोटो देतो आणि म्हणतो, हा आजचा आहे असं कुणीतरी म्हणतंय, शोधा. गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनांवर तो टाकला की आधी कुठे कुठे येऊन गेलाय ते बऱ्याचदा दिसतं. तिथे काही सापडलं नाही की खरी मजा सुरू होते. पाट्यांवरची लिपी, गाड्यांच्या नंबरप्लेटची धाटणी, लोकांचे कपडे, झाडांची पानगळ. सावल्यांवरूनही पुष्कळ कळतं. सनकॅल्क नावाच्या संकेतस्थळावर जागा आणि तारीख टाकली की त्या वेळी सूर्य कुठे होता ते दिसतं. फोटोतली सावली उलट्या दिशेला पडत असेल तर सांगितलेली वेळ खोटी. एका मुलीने केवळ सावलीवरून सिद्ध केलं होतं की 'सकाळचा' म्हणून दिलेला फोटो दुपारनंतरचा आहे. त्यानंतर तास संपला तरी ती उठायला तयार नव्हती.

आणि एक प्रकरण मुलांना जरूर सांगा. एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. रेडिट या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर हजारो लोक गर्दीचे फोटो न्याहाळत संशयित शोधू लागले. त्यात त्यांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव पुढे केलं आणि ते सगळीकडे पसरलं. त्याचा स्फोटाशी काडीचाही संबंध नव्हता. काही दिवसांनी तो मृतावस्थेत सापडला. आधीच त्याच्या शोधात असलेल्या कुटुंबाला तेवढ्या दिवसांत काय सोसावं लागलं असेल! रेडिटने पुढे जाहीर माफी मागितली. ज्यांनी नाव पुढे केलं ते वाईट लोक नव्हते, त्यांना मदतच करायची होती. मुलांना हे ऐकवताना मी थांबतो, त्यांना विचारतो की तुम्ही त्या वेळी तिथे असता तर ती पोस्ट पुढे पाठवली असतीत का. हात वर येतात, आणि प्रामाणिकपणे येतात.

---

कट्टेकरी

मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वरच्या सगळ्यांबद्दल आदर आहे, पण मला वेगळं वाटतं.

दोन माणसांशी बोला, तीनदा संमती घ्या, डेस्कची सही आणा. या नियमांत नागरिक पत्रकारितेचा जीव कुठे राहिला? ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये भुयारी रेल्वेत स्फोट झाले, तेव्हा आतली दृश्यं अडकलेल्या प्रवाशांनी मोबाइलवर टिपली, आणि त्या दिवशी लोकांनी बीबीसीकडे हजाराहून जास्त छायाचित्रं पाठवली. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेल्या विमानाचा फोटो फेरीबोटीतल्या एका प्रवाशाने ट्विटरवर टाकला. आणि २५ मे २०२० ला मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर पोलिसाने गुडघा रोवला आणि त्यात त्यांचा जीव गेला, तो व्हिडिओ डार्नेला फ्रेझर या मुलीने घेतला. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिने आधी वही काढली असती तर?

मुलांना पहिली गोष्ट ही शिकवा की समोर काही चुकीचं घडत असेल तर फोन काढायला घाबरू नका. सावधगिरी पुढे आयुष्य शिकवतंच. धीटपणा या वयात नाही आला तर मग येत नाही.

---

लाल_शाई

कट्टेकरी, मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो मान्य करतो. पण त्याच उदाहरणाकडे जरा जवळून बघा.

त्या रात्री पोलिसांनी काढलेल्या पत्रकात म्हटलं होतं की पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय कारणाने एका माणसाचा मृत्यू झाला. गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. ते पत्रक टिकलं नाही याचं कारण त्या मुलीचा व्हिडिओ. ती जागेवरून हलली नाही, चित्रण मध्ये थांबवलं नाही, मिनिटांमागून मिनिटं फोन धरून उभी राहिली. पुढे न्यायालयात तिने साक्षही दिली आणि २०२१ मध्ये पत्रकारितेचे पुरस्कार देणाऱ्या अमेरिकेतल्या पुलित्झर मंडळाने तिला विशेष सन्मान दिला. 'दहा आकडे मोजेपर्यंत हलू नका' हा जो धडा ताई देतात, त्याचीच ती फार मोठी आवृत्ती होती.

यातून मला एक फरक दिसतो, तो आधी माझ्या लिहिण्यात आला नव्हता. घडत असलेली घटना एक, आणि असलेली परिस्थिती दुसरी. घटना कुणाची वाट बघत नाही. तिथे आधी चित्रण, सुरक्षित अंतरावरून, न थांबता, न कापता, तोंडाने निष्कर्ष न बोलता. प्रश्न नंतर. परिस्थिती मात्र उद्याही तिथेच असते. वाचनालयाचं कुलूप, तुंबलेलं गटार, रिकामी शिक्षकाची खुर्ची. तिथे आधी प्रश्न, मग चित्रण. मुलांना दोन्ही शिकवायला हवं आणि आपल्यासमोर यातलं काय आहे हे ओळखायलाही. मात्र दोन्हीकडे 'प्रसिद्ध करा' हे बटण वेगळं आहे. चित्रण केलं म्हणजे लगेच टाकलंच पाहिजे असं नाही.

---

रानवाट

छान चर्चा. वाचनखूण साठवली.

आमच्या मुलांकडे फोन कमी आणि नेट त्याहून कमी, त्यामुळे व्हिडिओचा सोस आम्ही सोडला. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी सुरू केलेल्या सीजीनेट स्वराची पद्धत मला भावली. साध्या फोनवरून क्रमांक लावायचा, आपलं म्हणणं रेकॉर्ड करायचं, तपासणारी माणसं ते ऐकून पडताळतात, आणि मग त्याच क्रमांकावर इतरांना ते ऐकता येतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही बातमी देता येते, आणि तीही गोंडीसारख्या त्याच्या स्वतःच्या भाषेत.

आम्ही चार मुलांत एक फोन देतो. एकजण विचारतो, एकजण फोन धरतो, एकजण लिहून घेतो, चौथा फक्त आजूबाजूला बघतो. कोण काय म्हणतंय, कोण बोलायला कचरतंय, भिंतीवर काय लिहिलंय. दर वेळी भूमिका बदलतात. कुलपाजवळची सूचना या चौथ्याने नक्की वाचली असती.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. मुलीला दाखवलं. तिला तो चौथा व्हायचंय म्हणाली. वर्गाला पाठवते आहे.

---

खडूफळा

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधल्या आठवड्यात नवी तुकडी सुरू झाली आणि मला आधी करून बघायचं होतं.

तीन तास फोन बंद ठेवायचा नियम मी मागे घेतला. कट्टेकरी, तुमचं म्हणणं पटलं. पहिल्याच तासाला फोन बाहेर काढले, पण सुरुवात लाल_शाई सरांच्या ओळीपासून केली. तो जुना कुलपाचा फोटो मोठा छापून फळ्यावर लावला आणि मुलांना दिसतंय तेवढंच एका वाक्यात लिहायला सांगितलं. पस्तीस जणांपैकी एकोणतीस जणांनी 'वाचनालय बंद आहे' असं लिहिलं. मग मी ग्रंथपालबाईंचा कागद काढला, चार वर्षं जपून ठेवलाय, आणि फोटोच्या डाव्या कडेला, मूळ जागी, टाचणीने लावला.

कुणी काही बोललं नाही. पेनं उचलली गेली. एका मुलाने 'वाचनालय' खोडून 'दार' केलं.

रानवाट, चौथ्याची भूमिका आम्ही उचलली आहे. कानोसा, तुमचा गप्प राहून ऐकण्याचा खेळ पुढच्या मंगळवारी आहे. लाल_शाई सर, एक विनंती : तुमच्याकडचे दहा फोटो ओळी काढून पाठवाल का? तुमच्या मूळ ओळी वेगळ्या पाकिटात द्या, मुलांचं लिहून झाल्यावरच उघडेन.